घाटाचा राजा, मुक्काम पोस्ट अर्विंग

टेक्सासातलं अर्विंग किती सपाट आहे, याची कल्पना महाराष्ट्रात बसून यायची नाही. समुद्रसपाटीपासून उंची साधारण दीडशे मीटर, आणि तीही सगळ्या गावाला सारखी वाटून दिलेली. इथून पाहिलं तर पुणं हे थंड हवेचं ठिकाण ठरतं. गावात चढ म्हणून जे काही आहे ते सगळं सिमेंटचं: हायवेचे पूल, विमानतळाकडे वळणारे रॅम्प आणि लास कोलिनासमधल्या ऑफिसांच्या बहुमजली पार्किंगच्या इमारती. तिथल्या चौकात ब्राँझचे नऊ दांडगे घोडे १९८४ पासून पाण्यातून चौखूर उधळताहेत, पण त्यांनाही कुणी टेकडी चढायला लावलेली नाही.

आणि नेमकं याच गावात, व्हॅली रँचपासून मॅकार्थर बुलेव्हार्डपर्यंत पसरलेल्या मराठी वस्तीत, दर वसंतात काही जणांना सायकलवरून डोंगर चढायची हुक्की येते. वय चाळिशीच्या पलीकडे, घराचे हप्ते निम्म्यावर, रक्तातली साखर सीमेवर. पोराला सायकल दामटावी लागू नये म्हणून ज्यांच्या वडिलांनी पै-पै जोडून एम-एटी घेऊन दिली, आणि एम-एटीपासून सुटका व्हावी म्हणून ज्यांनी स्वतः जीआरई दिली, तेच लोक आता दारात दोन मोटारी उभ्या ठेवून सायकलच्या दुकानात शिरतात. तिथे मिळणाऱ्या सायकलला मडगार्ड नसतं, कॅरिअर नसतं, स्टँड नसतो, घंटी नसते, आणि जी जी वस्तू नसते तिच्याबद्दल दुकानदार जास्त पैसे घेतो.

मग सराव. ट्रिनिटी नदीच्या एल्म फोर्कच्या काठाने कॅम्पियन ट्रेल नावाचा सुरेख रस्ता आहे. सावली आहे, बगळे आहेत, चढ तेवढा नाही. उत्तर टेक्सासात चढाची उणीव वारा भरून काढतो. जाताना तो समोरून असतो. येताना तो पाठीवर घ्यावा म्हणून आपण वळतो, तोवर तोही वळलेला असतो. तरीही वारा म्हणजे घाट नव्हे, असं ठरल्यामुळे आमच्यातल्या तिघांनी रविवारच्या सुनसान सकाळी एका ऑफिसच्या पार्किंगमध्ये पाचव्या मजल्यापर्यंत चढायचं, खाली यायचं, पुन्हा चढायचं, असा क्रम धरला. थोड्या वेळाने गार्ड आला. ओरडेल असं वाटलं होतं. त्याने आपुलकीने विचारलं, "गाडी कोणत्या मजल्यावर लावली होती, काही आठवतंय का?"

उरलेला सराव गॅरेजमध्ये. सायकलचं मागचं चाक काढून ती एका यंत्रावर चढवायची आणि समोरच्या पडद्यावर झ्विफ्ट लावायचं. त्यात फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या एकवीस वळणांची नक्कल आहे. पडद्यावरचा चढ वाढला की यंत्र पॅडल जड करतं. टेक्सासातल्या गॅरेजला एसी नसतो. पडद्यावर बर्फाची शिखरं, खाली घामाचं तळं, एका बाजूला तांदळाची पोती, दुसऱ्या बाजूला गणपतीचं मखर, आणि मधोमध एक माणूस चाळीस अंशांत आल्प्स चढतोय. दार उघडून बायको विचारते, "अरे, कुठपर्यंत पोचलास?" तो धापा टाकत सांगतो, "चौदावं वळण." ती म्हणते, "मग येताना कोथिंबीर आण."

आमच्या ग्रुपवर कुणाला नाव नाही. अर्विंगला कर भरून केस पांढरे झाले तरी सगळे मूळ गावानेच ओळखले जातात: पुणेकर, नाशिककर, नागपूरकर, कोल्हापूरकर. मी सातारकर. आणि सायकलवर बसण्याआधी कोणाच्या गावाने सायकल जास्त चालवली याचा निकाल लागावा लागतो. नाशिककर २०१५ पासून सुरुवात करतो. त्या वर्षी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरिलंडमधल्या अॅनापोलिसपर्यंत जवळजवळ तीन हजार मैल, वाटेत कोलोरॅडोतली वुल्फ क्रीक खिंड, तेहतीसशे मीटर उंच. या शर्यतीत घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटीच थांबतं. झोपायचं तर आपल्या हिशेबात झोपायचं. नागपूरकर हे सगळं ऐकून घेतो आणि शांतपणे म्हणतो, "पण दोघं मिळून न?" कारण २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी हीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत संपवली. यावर नाशिककराकडे हुकमाचं पान असतं. त्याच वर्षी लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ एकट्यानेच निघाले आणि समर्थांच्या दोन-अडीच तास आधी पोचले, आणि तेही नाशिकचेच! तीन हजार मैलांमध्ये अडीच तासांचं महत्त्व किती, यावरचा वाद अडीच तासांहून जास्त चालतो. महाराष्ट्रात सायकलवर एवढे हाल करून घेणारे बहुतेक डॉक्टरच कसे, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. कदाचित काय काय बिघडू शकतं हे माहीत असलं की भीती कमी होत असेल.

पुणेकर या वादात पडत नाही. त्याचा वाद मुळातच संपलेला असतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब देतात. पुणेकर त्या शर्यतीत कधी उतरलेला नाही. त्याने ती खंडाळ्याला रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलेली आहे, आणि पुण्यात पाहण्याला करण्याइतकाच मान आहे. राजाचं काय चुकत होतं, हे तो आजही पॅडलच्या कोनासकट सांगतो.

या सगळ्यानंतर गिअर. पुढच्या चक्राला दात किती, मागच्याला किती. पुढे चौतीस आणि मागेही चौतीस असले की पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो आणि भिंतही चढता येते, असा सिद्धांत. मागे तिसावर भागेल म्हणणारे शूर, चौतीस लागतील म्हणणारे व्यवहारी. आमच्या ग्रुपवर दातांची एवढी चर्चा झाली की ग्रुपमधल्या एकमेव दंतवैद्य वहिनी बाहेर पडल्या.

ठिकाण ठरलं कोलोरॅडोतलं फ्रिस्को, आणि गोंधळ इथून सुरू झाला. अर्विंगपासून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर टेक्सासातही एक फ्रिस्को आहे. मोठं घर आणि नावाजलेली शाळा यांच्या ओढीने निम्मं मराठी मंडळ तिकडे राहायला गेलेलं आहे. "फ्रिस्कोला सायकल चालवायला चाललोय" असं सांगितलं की समोरचा म्हणायचा, "मग येताना आमच्याकडे जेवायलाच या." एका घरातून तर "आमचा बासमतीचा डबा तुमच्याकडे राहिलाय, तेवढा घेऊन या" असा निरोप आला. कोलोरॅडोतलं फ्रिस्को अर्विंगपासून तेरा-चौदा तासांवर आणि २,७७० मीटरवर आहे, हे पुन्हापुन्हा सांगून आमचा अर्धा दम निघायच्या आधीच गेला.

निघालो ते २८७ नंबरच्या हायवेने, गाड्यांच्या मागे सायकली बांधून. विचिटा फॉल्स आलं. या गावाने शताब्दीनिमित्त १९८२ मध्ये ऑगस्टच्या उन्हात शंभर मैलांची सायकल फेरी काढली आणि ती अजून दर वर्षी निघते. पुढे अॅमरिलो. डोळ्यांना टेबलासारखं सपाट दिसणारं हे गाव अकराशे मीटरवर आहे, म्हणजे आपण बसल्या बसल्या खंडाळा ओलांडून वर आलेलो असतो आणि कुणालाच राजा वगैरे केलेलं नसतं. रॅटनच्या खिंडीतून कोलोरॅडोत उतरलो. पुढे डेन्व्हरजवळून जाताना मी मुलांना सांगितलं की इथल्या विमानतळावर बॅगेची वाट पाहत उभा असलेला माणूस कळसूबाईच्या शिखराहून दहा मीटर वर असतो. मुलांनी कळसूबाई कोण ते विचारलं.

आता सासऱ्यांबद्दल. सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या वडीलधाऱ्यांना अर्विंगच्या घरी एकटं ठेवून डोंगरात जाणं शिष्टाचारात बसत नाही. त्यामुळे सासरे सपोर्ट गाडीत. गाडी चालवणार बायको. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आणि ऐन उमेदीत कालव्याच्या कडेने हजारो मैल सायकल मारलेले, तीही चोवीस इंची काळी, पाठीमागे खात्याचा दप्तरी डबा. आमच्या जर्सी, तळाशी खटकणारे बूट आणि जेलच्या पुड्या त्यांनी तपासून पाहिल्या. मग म्हणाले, "जावईबापू, तुम्ही हे सगळं चढावर बसून राहता यावं म्हणून घेतलंय का? चढ आला की आम्ही उतरायचो. सायकल हातात धरून चालायचो. वाटेत कुणी भेटलं तर दोन शब्द बोलणं व्हायचं." नाशिककराने त्यांना वजन आणि शक्ती यांचं गुणोत्तर समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पण घाई कसली आहे?"

फ्रिस्कोला भाड्याच्या घरात पहिल्या संध्याकाळी निसर्गाचा पहिला धडा मिळाला. या उंचीवर पाणी नव्वद-एक्क्याण्णव अंशांवरच उकळतं. वाफा येतात, बुडबुडे येतात, डाळ मात्र ढिम्म. पुणेकराने घर शोधताना 'किचन सुसज्ज आहे' असं वाचून कुकर गाडीतून काढून ठेवायला लावला होता. आमच्या बायकोने तो पुन्हा चढवला होता, दोन सायकलींच्या मधोमध, माझा जादा टायर बाहेर काढून. त्या रात्री पहिली शिट्टी झाली तेव्हा पुणेकर सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे एका खिंडीत दगडावर बसलेल्या मारमट नावाच्या लठ्ठ प्राण्याने आम्हाला पाहून अगदी तशीच शिट्टी मारली, तेव्हा कोल्हापूरकराने सवयीने म्हटलं, "अजून दोन होऊ द्या."

झोप कुणालाच नीट लागली नाही. हवेचा दाब कमी असला की रात्री श्वास मधेच अडखळतो, डोकं जड होतं, माणूस दचकून उठतो आणि पाणी पितो, आणि मग पाणी प्यायल्यामुळे उठतो. सपाट गावातून आल्यावर दोन-तीन दिवस शरीराला सवय करू द्यावी असं सगळे जाणकार सांगतात. त्याप्रमाणे आम्ही पहिले दिवस तळ्याकाठच्या रस्त्यावर हळूहळू फिरण्यात काढले, आणि नेमके हेच सासऱ्यांचे सुखाचे दिवस ठरले. कारण ते तळं म्हणजे डिलन धरण निघालं.

धरण दिसताच त्यांनी गाडी थांबवायला लावली. फलक वाचला, नकाशा पाहिला, आणि सायकली टाकून आम्हाला जवळ बोलावलं. हे पाणी मूळचं पश्चिमेकडे, कोलोरॅडो नदीत जाणारं. ते इथे अडवून रॉबर्ट्स बोगद्यातून डोंगराच्या पोटातून पूर्वेला, डेन्व्हरकडे नेतात. बोगदा तेवीस मैलांचा, १९६२ मध्ये पुरा झालेला. "म्हणजे आपली कोयनाच, पण उलटी!" ते म्हणाले. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला कृष्णेत जायचं. ते सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला, कोकणात उतरवून आपण वीज करतो. मग त्यांनी विचारलं, "इथे लवाद कुणाचा?" कोलोरॅडोच्या पाण्याच्या वाटणीचा सात राज्यांमधला १९२२ चा करार आहे, असं मी म्हणालो. नदीत येतं त्याहून जास्त पाणी त्यात कागदावर वाटून टाकलंय आणि नदी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोचतच नाही, हेही सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. सगळी कारकीर्द कृष्णा पाणीतंटा लवादाच्या छायेत गेलेल्या माणसाला परक्या देशात असं आपलं कुणी भेटावं! अमेरिकेत आल्यापासून डिझ्नी झालं, नायगारा झाला, पण बाबा एवढे खूश कधी दिसले नव्हते, असं बायको म्हणाली.

शेवटी खिंडीचा दिवस उजाडला. लव्हलँड पास, ३,६५५ मीटर. जुलैत इथे दुपारी ढग भरून येतात आणि विजा कडाडतात. झाडांची हद्द संपल्यावर उघड्या डोंगरावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे सायकलवर बसलेला माणूस. म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत खाली यावं, असा नियम. हा नियम पोहे न खाणाऱ्या लोकांनी केलेला आहे. आमच्याकडे आधी चहा, मग पोहे, मग पोह्यांवर चहा, मग पुणेकराचा टायरचा दाब मोजून घेणं, मग ग्रुप फोटो. तो नीट न आल्यामुळे दुसरा.

नागपूरकर वहिनी तेवढ्या फोटोत नाहीत. गिअरवरच्या चर्चेत त्यांनी कधी एक शब्द टाकला नव्हता. त्यांची सायकल नवऱ्याने नवी घेतल्यामुळे त्यांच्याकडे आलेली, दात किती ते त्यांना माहीतही नव्हतं. पहिला फोटो चालू असतानाच "मी हळूहळू पुढे होते" म्हणून त्या निघाल्या. नंतर त्या आम्हाला थेट खिंडीतच भेटल्या, स्वेटर विणायला आणला असता तर पाठ पुरी झाली असती अशा चेहऱ्याने.

कीस्टोन सोडल्यावर रस्ता वर लागतो. डोंगराच्या पोटातून आयझेनहॉवर बोगदा १९७३ मध्ये खुला झाला तेव्हापासून सगळी शहाणी वाहतूक तिकडून जाते. खिंडीच्या जुन्या रस्त्याने सक्तीने पाठवतात ते पेट्रोल आणि ज्वालाग्राही पदार्थांचे टँकर, कारण त्यांना बोगद्यात बंदी आहे. सायकलींनाही बंदी आहे. म्हणजे अमेरिकन शासनाने स्फोटक द्रव्यं आणि आम्ही असे दोनच वर्ग या घाटासाठी राखून ठेवले होते. टँकर शेजारून जाताना इतका धापा टाकत होता की आपल्यासारखंच कुणीतरी आहे म्हणून बरं वाटायचं.

वर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी. त्याचा पहिला परिणाम फुप्फुसांवर होतो असं पुस्तकं सांगतात. आमच्याकडे तो संभाषणावर झाला. आधी वाक्यं लहान झाली. मग क्रियापदं गेली. २०१५ आणि २०१७ चा वाद "महाजन", "समर्थ", "महाजन" असा नुसत्या आडनावांवर आला आणि झाडं संपली तिथे तोही बंद पडला. पुणेकर गप्प आहे, हे लक्षात आल्यावर कोल्हापूरकराने घाबरून मागे वळून पाहिलं. पुढे चौतीस आणि मागे चौतीस असलेले आणि नसलेले, सगळे एकाच वेगाने, म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, वर सरकत होते. सपोर्ट गाडी दर वळणावर थांबायची. काच खाली करून सासरे विचारायचे, "जावईबापू, उतरून चालायचं का थोडं?" त्यांच्या हातात गरम पोह्यांचा डबा असायचा. हा प्रश्न शत्रुत्वाने विचारला असता तर सहन झाला असता.

खिंडीतली पाटी म्हणते ११,९९० फूट. दहा फूट कमी! कोल्हापूरकराला हे पटेना. एवढ्या लांब येऊन बारा हजार नाहीत म्हणजे फसवणूक आहे, असं म्हणून तो पाटीशेजारच्या दगडावर चढला, दोन्ही हातांनी सायकल डोक्यावर धरली आणि म्हणाला, "आता झाले. काढ फोटो." ढग जमायला लागले होते, तरी पाटीपाशी रांग होती. ही खिंड महाद्वीपाच्या पाणलोटाच्या रेषेवर आहे. पूर्वेला पडलेला थेंब मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताकडे जातो, पश्चिमेला पडलेला कोलोरॅडोच्या वाटेला लागतो. मी महाबळेश्वरचं नाव काढणार, एवढ्यात सासऱ्यांनीच जमलेल्या दोन-तीन अमेरिकन कुटुंबांना हातवारे करून कृष्णा खोरं समजावायला घेतलं होतं. एका तरुणाने त्यांना विचारलं, या वयात तुम्ही इथवर सायकलवर आलात? सासऱ्यांना त्याचं इंग्रजी नीट कळलं नसावं. ते म्हणाले, "येस, येस. सिन्स नाइन्टीन सेव्हन्टी."

त्या तरुणाने भारावून जाऊन त्यांचा फोटो काढायचा आग्रह धरला. माझं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर, नाशिककराची सायकल त्यांच्या हातात, मागे पाटी आणि काळेभोर ढग. तेवढ्यात पहिला गडगडाट झाला आणि आम्ही उताराला लागलो. या उतारावर थंडी छातीत शिरते. जुने युरोपियन सायकलपटू अशा वेळी जर्सीच्या आत वर्तमानपत्र कोंबायचे. पुणेकराने इथलं वर्तमानपत्र कोंबलं आणि खाली येईपर्यंत ते 'सकाळ'इतकं जाड नसल्याची तक्रार केली. सासरे गाडीत हीटर लावून आमच्या मागे होते.

अर्विंगला परतल्यावर आमच्या पराक्रमाचा गाजावाजा फारसा झाला नाही. टेक्सासातल्या फ्रिस्कोहून एकाने "बासमतीचा डबा?" एवढंच लिहिलं. सासऱ्यांचा फोटो मात्र बायकोने सांगलीच्या हास्यक्लबाच्या ग्रुपवर टाकला होता. खाली ओळ फक्त 'बाबा, लव्हलँड पास, अमेरिका'. त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन दिवसांत तो कृष्णाकाठी घरोघरी पोचला. फोन सुरू झाले. गावी परतले की क्लबातर्फे शाल, श्रीफळ आणि अर्ध्या तासाचं भाषण ठरलं. सत्काराच्या पत्रिकेत 'सायकलपटू' असं छापायचं की 'ज्येष्ठ सायकलपटू', एवढाच प्रश्न उरला होता.

मी वाट पाहत होतो की ते कधीतरी कुणाला खरं सांगतील. एका संध्याकाळी ते गॅरेजमध्ये आले. मी यंत्रावर, सोळाव्या वळणावर. त्यांनी मखराशेजारची खुर्ची ओढली, खिशातून वही-पेन काढलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "जावईबापू, भाषणात दात किती सांगू? तीस की चौतीस?"